पळायचं बटण

मुंगी दिसली की आई पाय हवेत धरून थांबायची. मुंगी गेली की पाय खाली.

कीबोर्डवर शिफ्टचं बटण डाव्या कडेला असतं. ते करंगळीनं दाबतात.

ओल्या माणसांना जिना चढता येत नाही. निदान जुन्या कन्सोलवर तरी नाही.

मिरजेच्या डॉक्टरांनी स्वतःची दोन बोटं दादाच्या मुठीत दिली आणि जोरात दाबायला सांगितलं. दादानं दाबली. डॉक्टर म्हणाले, "हं. आता दाबा."

तांदळात अळी सापडली तर ती कागदावर घेऊन अंगणात सावलीला सोडायची.

आमच्याकडं सूर्य बुडायच्या आत जेवतात.

(दार.)

"काकू, चपला बाहेर काढल्यात, हातपाय धुतलेत, सकाळपासनं अंड्याकडं बघितलेलं पण नाही. आत येऊ?"

"ये रे बाबा," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "पर्वाचे दिवस आहेत, नाटकं करू नकोस."

इलाही मुल्ला आत आला. काखेत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी होतं. हा दादाचा पहिलीपासूनचा मित्र. जयसिंगपूरच्या स्टँडसमोर त्याच्या घरचं आधी गेम पार्लर होतं, मग ते सायबर कॅफे झालं, आता मोबाइलचं दुकान आहे. त्यानं टॉवेल उलगडला. आत नवं कोरं कन्सोल.

"मेव्हण्याचं आहे. उद्या संध्याकाळी परत न्यायचंय," तो म्हणाला. "सन्मत्या, दीपगृहचं नवं व्हर्जन. सगळं परत बनवलंय."

दादा खिडकीशी चाकाच्या खुर्चीत होता. त्यानं मान वळवली नाही. "कितव्यांदा?"

"ऐक तर. ह्यात पळायचं बटण धरून ठेवायला लागत नाही. एकदा टिचकी मारली की बाई आपोआप पळती. तू नुसतं कुठं जायचं ते सांगायचं."

आता दादानं मान वळवली. "खरं?"

"तुझी शपथ."

"माझी नको घेऊस. माझा काय भरवसा. तुझी घे."

"गप ए," इलाही म्हणाला, आणि वायरी जोडायला टीव्हीच्या मागं वाकला. तिथं तो जरा जास्तच वेळ वाकून राहिला.

(दार.)

हे दार म्हणजे काय ते सांगते.

जुन्या कन्सोलवर एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना पडदा काळा व्हायचा आणि काळोखात नुसतं एक दार दिसायचं. ते हळूहळू करकरत उघडायचं. पुढची खोली सीडीवरून वाचून घ्यायला यंत्राला वेळ लागतो, तो वेळ झाकायला ते दार ठेवलेलं, असं दादा म्हणायचा. आम्हाला त्याचीच जास्त भीती वाटायची. दारापलीकडं काय आहे ते यंत्रालाच अजून माहीत नाही, या गोष्टीची.

गेमचं खरं नाव लांबलचक इंग्रजी होतं. आम्ही दीपगृह म्हणायचो. एका बेटावर बंद पडलेला दवाखाना, शेजारी दीपगृह. एक नर्स तिथं येते. समुद्रात बुडालेली माणसं दवाखान्याच्या बोळांतून फिरत असतात, अंगातून पाणी गळत. ती ओली माणसं. ती नर्सला मिठी मारतात आणि ती बुडते. कोरड्या जमिनीवर उभ्या उभ्या बुडते. त्या सगळ्यांतून वाट काढत दीपगृहाच्या माथ्यावर जायचं आणि दिवा लावायचा. एवढाच गेम.

नर्सकडं पिस्तूल असतं. जयसिंगपुरातली सगळी पोरं ओल्या माणसांना गोळ्या घालत पुढं जायची.

दादा घालत नव्हता. कारण आई.

दादा दहावीत होता, मी सातवीत. इलाहीनं पार्लरमधलं कन्सोल एका दिवसासाठी आमच्याकडं आणलं होतं. आई चिवड्याची ताटली घेऊन आली, आणि नेमका तेव्हाच दादानं एका ओल्या माणसाच्या छातीत गोळी घातली.

"हे काय?" आईनं विचारलं. "माणूस आहे तो?"

"मेलेला आहे, आई. आधीच मेलेला आहे."

"मेलेला असता तर चालला असता का?"

दादानं गेम थांबवला.

"हलतोय म्हणजे जीव आहे," आई म्हणाली. "खेळायचं तर खेळ. जीव मारायचा नाही." चिवडा ठेवून ती गेली.

दुसऱ्या कुणी पोरानं आईची पाठ वळल्यावर पिस्तूल काढलं असतं. दादानं ते कायमचं खिशात घातलं. तो पळायला लागला. ओला माणूस डावीकडं झुकला की उजवीकडून, दोघं असले की त्यांना एका बाजूला ओढून मधून. पार्लरमध्ये पोरं खेळ सोडून त्याच्या मागं उभी राहायची. "महावीर आले, महावीर आले," इलाही ओरडायचा. आईनं ते ऐकलं असतं तर त्याचं आमच्याकडं येणं बंद झालं असतं.

एकालाही न मारता दिवा लावायचा. गावात कुणी लावला नव्हता. दादा शेवटच्या जिन्याच्या दारापर्यंत पोचला होता, पण पार्लरच्या सीडीवर चरा होता. दार उघडायचं, पूर्ण उघडायचं, आणि काळोख तसाच राहायचा.

(दार.)

नेटवर लोक दीपगृहच्या निरनिराळ्या आवृत्त्यांची तुलना करत बसायचे. कुणी धुक्याची, कुणी आवाजाची, कुणी नर्सच्या चेहऱ्याची. आम्ही बोटांची.

दादाचा आजार स्नायूंचा होता. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी तो सपाट रस्त्यावर पडायला लागला. आधी पाय जातील, मग दंड, मग बोटं, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि तसंच झालं. आजार शिस्तीचा होता.

जुनं कन्सोल. पळायला उजव्या अंगठ्यानं एक बटण दाबून धरायचं, दिशेला डावा अंगठा. बोळ रुंद. ओली माणसं संथ. कुणाला न मारता जाता येतं, हे दादानं दाखवलेलं. पण सगळं पळणं म्हणजे ते बटण न सोडणं. दादाचा अंगठा आधी दुखायला लागला, मग थरथरायला, मग नर्स बोळाच्या मध्यावर अचानक चालायला लागायची.

कॉम्प्युटर. ही सीडी इलाहीनं स्वतः करून दिली. एका सीडीत बसावं म्हणून त्यानं संगीत काढून टाकलं होतं आणि बरेचसे आवाजही. लोक म्हणायचे, ही सगळ्यात वाईट आवृत्ती. खरंच होतं. ओली माणसं आवाज न करता यायची. पण हिच्यात कुठलंही काम कुठल्याही बटणाला देता यायचं. पळायचं शिफ्टवरून काढून आम्ही स्पेसवर आणलं, स्पेसवरून एन्टरवर, जसजशी बोटं उरतील तसतसं. शेवटी पळणं माझ्याकडं आलं. मी शेजारी बसून शिफ्ट धरायची, दादा बाण दाबायचा. दिशा त्याची, वेग माझा. असं आम्ही वर्षभर खेळलो, आणि एक दिवस त्यानं हात मांडीवर ठेवले.

"काय झालं?"

"तू शिंकलीस."

"मग?"

"तू शिंकलीस आणि मी थांबलो. असलं पळणं नको, त्रिशे."

हातात धरायचं व्हर्जन. याच्याबद्दल थोडक्यात. ते हातात धरावं लागतं.

(दार.)

तर आता हे नवं.

इलाहीनं दादाच्या मांडीवर उशी ठेवली, उशीवर कंट्रोलर, कंट्रोलरवर दादाचे हात, एकेक बोट जागेवर बसवत. लग्नात नवरदेवाच्या हातात नारळ देतात तसं काळजीनं.

"डावा अंगठा ह्या दांडीवर. नुसता टेकव. चालतोय?"

नर्स वळली.

"चालतोय," दादा म्हणाला.

"आता उजव्या अंगठ्यानं हे. एकदाच."

नर्स पळायला लागली. दादानं अंगठा उचलला. ती पळतच राहिली.

लांब बोळ होता, खिडक्यांतून समुद्राचा उजेड येत होता, नर्सचे बूट पाण्यात चपचप वाजत होते आणि ती पळत होती. दादा तिला उगाचच एका खोलीतून दुसरीत नेत होता. तिथं काही घ्यायचं नव्हतं.

"दार कुठं गेलं?" त्यानं विचारलं.

"दार नाही ह्यात. यंत्र फास्ट झालंय. थांबायला लागत नाही."

"अरेरे," दादा म्हणाला. पण तो हसत होता.

ती दुपार आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ तो खेळला. मी शिकवते त्या शाळेतून रजा काढली होती. गेमचा एकेक टप्पा झाला की मी त्याची बोटं चोळायची, तो "हं" म्हणाला की परत उशीवर ठेवायची. आई दाराशी बसून तांदूळ निवडत होती. दशलक्षण पर्व चालू होतं. तिचं एकाशन, दिवसातून एकदाच जेवण. पण तिचे तांदूळ काही संपत नव्हते. एकदा दादा दोन ओल्या माणसांच्या मधून सुटला तेव्हा तिनं "जिनेंद्रा!" म्हटलेलं मी ऐकलं.

"दिवाळीपर्यंत ही अंगठ्यांची जोडी टिकेल असं वाटत नाही," दादा मला हळू आवाजात म्हणाला. "एकदा दिवा लावू दे. माझ्या हातानं. कुणाला न मारता. मग बोटं कुठं जायचीत ती जाऊ देत."

दुसऱ्या दिवशी दुपार कलताना तो शेवटच्या जिन्याशी आला.

इथपर्यंत एकही गोळी नाही. इलाही कन्सोल न्यायला आलेला, पण चहाही न घेता खाली बसला.

जिना दगडी होता, गोल, एकावेळी एकच माणूस जाईल एवढा. खालून पाणी चढत होतं. आणि वर, पाचसहा पायऱ्यांवर, एक ओला माणूस उभा होता.

"हा इथं कसा?" दादा म्हणाला. "ह्यांना जिना चढता येत नाही."

त्यानं नर्सला वर नेलं. ओल्या माणसानं मिठी मारली. नर्स बुडाली. परत जिन्याच्या तळाशी. भिंतीला घासून नेलं, मिठी. थांबून बघितलं तो खाली येतो का. तो येत नव्हता. नुसता उभा होता, कपाळावरून पाणी गळत, कुणाची तरी वाट बघितल्यासारखा. पाणी चढलं, नर्स बुडाली.

इलाही मोबाइलवर शोधत होता. त्याचा चेहरा पडला.

"नवीन घातलाय हा," तो म्हणाला. "जुन्यात नव्हता. ह्याला मारल्याशिवाय वर जाताच येत नाही. लोकांची तक्रार होती म्हणे, शेवट लई सोपा आहे."

"सोपा," दादा म्हणाला.

"एक गोळी, सन्मत्या. मागचं हे बटण. एक मारलास तर कोण विचारणार हाय?"

दादानं आईकडं बघितलं नाही. आईनं सूप हलवायचं थांबवलं होतं. इलाही थोडा वेळ बसला, मग दुकानातून फोन आलाय म्हणत अंगणात गेला. फोन वाजलेला मी ऐकला नव्हता.

"त्रिशला," आई म्हणाली. "तो कशासाठी अडलाय?"

मी सांगितलं.

"बाजूनं जाता येत नाही?"

"नाही."

"त्याला काही देता येत नाही? खायला वगैरे?"

"नाही, आई."

"तो स्वतः हलणारच नाही?"

"नाही."

"मग त्याला तिथं उभं कुणी केलं?"

"ज्यांनी गेम बनवला त्यांनी."

"शहाणेच आहेत," आई म्हणाली.

पाणी चढलं. नर्स बुडाली. परत तळाशी. खिडकीतून ऊन आता भिंतीच्या वरच्या अर्ध्यावर गेलं होतं. दादानं या वेळी नर्सला हलवलंच नाही. ती खाली उभी, तो वर उभा.

आईनं सूप बाजूला ठेवलं.

"सन्मती."

"हं."

"मार त्याला."

मी आईकडं बघितलं. ती टीव्हीकडं बघत होती.

"आई, पर्व आहे," दादा म्हणाला.

"मला माहीत आहे पर्व आहे. मार. पाप लागलं तर मला लागू दे, माझं मी बघून घेईन. तू वर जा."

दादानं पडद्याकडं तोंड केलं. मी त्याच्या उजव्या हाताकडं बघत होते. तर्जनी मागच्या बटणावर होती, इलाहीनं काल ठेवली होती तिथंच. दोन दिवसांत तिचं काम पडलं नव्हतं. जुन्या कन्सोलवर हे बटण चपटं आणि हलकं होतं. या आवृत्तीत ते खरोखरच्या चापासारखं केलं होतं, खोल आणि ताठ. गोळी झाडल्यासारखं वाटावं म्हणून. आणि कॉम्प्युटरवर होती तशी बटणं बदलायची सोय इथं नव्हती.

"दाब की," आई म्हणाली.

"दाबतोय."

बोट बटणावर होतं. नख पांढरं झालं नव्हतं.

"दाब, सन्मती."

"दाबतोय, आई."

पाणी नर्सच्या गुडघ्याला आलं, कमरेला आलं. दादाच्या मानेची शीर ताठ झाली होती, कपाळावर घाम होता, सगळं अंग दाबत होतं. बोट मात्र मऊ, झोपल्यासारखं. पाणी गळ्याशी आलं. पडदा काळा झाला.

दादा हसला. "परवानगी जरा उशिरा मिळाली, आई."

आई उठली. पदराला हात पुसत त्याच्याजवळ आली, खुर्चीशेजारी खाली बसली आणि त्याच्या तर्जनीवर आपली तर्जनी ठेवली.

"मी दाबते."

"नको."

"का नको?"

"तू नको, आई. तू मुंगीसाठी थांबतेस."

आईनं बोट काढलं नाही आणि दाबलंही नाही. मी दोघांच्या मागं उभी होते. माझी बोटं चांगली होती. नर्स परत तळाशी उभी राहिली. ओला माणूस परत वर. पाणी परत चढायला लागलं. आम्ही तिघं बघत राहिलो. कुणीच काही दाबलं नाही.

पडदा काळा झाल्यावर आई म्हणाली, "सूर्य बुडेल. जेवून घे."

(दार.)

इलाही आजही दुकानात येणाऱ्या पोरांना सांगतो, की सन्मती मगदूमनं एकालाही न मारता दीपगृहचा दिवा लावला, आपण तिथं होतो. तो अंगणात होता. त्याचं व्हर्जन मी कधी दुरुस्त केलेलं नाही.

पर्व संपल्यावर क्षमावाणी असते. वर्षभरात कळत नकळत जे काही केलं त्याबद्दल सगळ्यांची, सगळ्या जीवांची क्षमा मागायची. शेजारपाजारचे येतात, हात जोडतात, जातात. त्या सकाळी सगळे येऊन गेल्यावर आई दादाच्या खुर्चीसमोर उभी राहिली आणि हात जोडले.

"मला कशाला?" दादा म्हणाला. त्याला हात जोडता येत नव्हते, मी जोडून दिले. "मी काय ओला माणूस आहे का?"

आई हसली नाही. "इतकी वर्षं तुला पळायला लावलं," ती म्हणाली. "सगळी पोरं मारून मोकळी झाली. तुला मी नुसतं पळायला लावलं."



"ते बरं केलंस," दादा म्हणाला. "तेवढं तरी पळालो."

(दार.)

इलाहीच्या पार्लरमध्ये दीपगृहची सीडी आली त्या दिवशी आम्ही घरातून एकदमच निघालो होतो. मी सायकलवर होते, दादा पळत होता, आणि स्टँडपर्यंत तो माझ्या पुढं होता.